प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्वयंचर यंत्रे : नियमांच्या अग्रक्रमाचा प्रश्न

१. विषयप्रवेश

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुका हा छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला वनप्रदेश होय. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग देवरीवरून जातो. त्याच्या दोन्ही अंगांस धानाच्या बांध्या, बोड्या आणि त्यांच्या पलीकडे जंगल असा येथील भूभाग आहे. खरिपात धानावर खोडकिड्याचा उपद्रव होतो, आणि त्याच्या पतंगांवर नजर ठेवण्यासाठी प्रकाश-सापळा लावावा, असा सल्ला धान-उत्पादक भागांतील शेतकऱ्यांना दिला जातो. साधन अगदी साधे असते : रात्री एक दिवा, त्याखाली पाण्याचे घमेले. पतंग दिव्याभोवती घिरट्या घालतो आणि अखेर पाण्यात पडतो.

या घटनेचे वर्णन मराठी भाषक सहजपणे 'पतंग दिव्याकडे ओढला जातो' असे करतो, आणि काव्याच्या परंपरेने तर पतंगाच्या पदरी प्रेम आणि आत्मसमर्पणही बांधले आहे. परंतु २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने निराळाच प्रकार पुढे आणला. अतिशीघ्र चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यांनी कीटकांचे उड्डाण टिपल्यावर असे दिसून आले की, दिव्याच्या जवळ आलेले बहुतेक कीटक दिव्याकडे सरळ जात नाहीत. ते आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात. उजेडाच्या बाजूस पाठ ठेवणे ही उडणाऱ्या कीटकाची प्राचीन प्रतिक्षिप्त क्रिया आहे. निसर्गात रात्रीही आकाश हे जमिनीपेक्षा उजळ असते. म्हणून जिकडे उजेड तिकडे पाठ, हा नियम पाळणारा कीटक आपोआप सुलटा उडतो. 'वर' म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याची गरज पडत नाही. दिवा आकाशाऐवजी बाजूला आला की तोच नियम कीटकाला कलता करून दिव्याभोवती फिरवीत राहतो. काही जातींचे कीटक या नियमाला अपवाद ठरले आणि दूर अंतरावरून कीटक दिव्यापाशी कसे येतात हा प्रश्न या प्रयोगाच्या कक्षेबाहेरचा होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या एका उदाहरणात प्रस्तुत विषयाची तीन अंगे एकत्र आलेली आहेत. पहिले, अत्यंत साध्या नियमाने गुंतागुंतीचे काम साधते. दुसरे, ते साधते याचे श्रेय अर्धेअधिक परिसराकडे जाते, आणि परिसर पालटताच तोच नियम घातक ठरतो. तिसरे, पाहणाऱ्याने वापरलेली क्रियापदे आणि आत चाललेली क्रिया यांच्यांत मोठे अंतर असू शकते. स्वतः हिंडणाऱ्या यंत्रांचे नियंत्रण अशाच साध्या प्रतिक्षिप्त क्रियांनी करता येते काय, आणि येत असल्यास कोठपर्यंत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न व्याकरणकारांच्या परिचयाचा आहे. दोन नियम एकाच ठिकाणी एकाच वेळी लागू होऊ लागले, तर त्यांपैकी कोणता चालावा?

२. संज्ञांविषयी

'रोबॉट' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर पसरला. तो त्याचा भाऊ योसेफ याने सुचविला होता. चेक भाषेतील 'रोबोता' म्हणजे सक्तीचे श्रम, आपल्याकडील वेठबिगार. मराठीत त्यास 'यंत्रमानव' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. परंतु येथे ज्या यंत्रांचा विचार आहे त्यांना हात-पाय-तोंड यांपैकी काहीच नसते. दोन-तीन चाके, चार-दोन संवेदक आणि विजेची मोटार एवढाच त्यांचा संसार. त्यांच्या नावात 'मानव' आला की वाचकाचे मन नकळत मानवी गुणांचा शोध घेऊ लागते. म्हणून या लेखात 'स्वयंचर यंत्र' अशी संज्ञा वापरली आहे : कोणी बाहेरून न हाकता जे परिसरात हिंडते ते. दूरवर बसलेला मनुष्य ज्याला कळी दाबून चालवितो असे यंत्र या संज्ञेत येत नाही. पुण्याजवळील दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेत तयार झालेले 'दक्ष' हे स्फोटके हाताळणारे वाहन प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याचे निर्णय दूर अंतरावरील चालक घेतो.

'प्रतिक्षिप्त क्रिया' ही संज्ञा शरीरशास्त्रातून आली आहे. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो, तो विचार करून येत नाही. वेदना मेंदूला उमगण्यापूर्वीच क्रिया घडून गेलेली असते. यंत्राच्या संदर्भात या संज्ञेचा अर्थ नेमका असा : संवेदकाच्या या क्षणीच्या मापनावरून मोटारीची या क्षणीची गती थेट ठरणे. मध्ये जगाचा नकाशा नाही, भूतकाळाची आठवण नाही, आणि पुढे काय होईल याची कल्पनाही नाही.

३. आधी विचार, मग कृती

प्रतिक्षिप्त नियंत्रणाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी त्याच्या विरुद्ध टोकाची पद्धत प्रथम पाहणे इष्ट होय. १९६६ ते १९७२ या काळात अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत 'शेकी' नावाचे यंत्र तयार झाले. ते कॅमेऱ्याने खोली पाहत असे, पाहिलेल्या वस्तूंचे तर्कशास्त्रीय विधानांत रूपांतर करीत असे, त्या विधानांवरून कृतींची योजना आखीत असे आणि मग ती योजना अमलात आणीत असे. ज्ञान, योजना, कृती असा हा क्रम होता. मनुष्य आपल्या विचारांचे जे वर्णन स्वतःशी करतो, त्याच्याशी हा क्रम जुळतो. म्हणून तो स्वाभाविक वाटला.

अडचण आली ती वेळेची. हान्स मोराव्हेक याने स्टॅनफर्ड विद्यापीठात चालविलेली गाडी १९७९ साली खुर्च्या मांडलेली खोली कोणाच्या मदतीशिवाय ओलांडून गेली. परंतु वीसएक मीटरच्या त्या प्रवासाला सुमारे पाच तास लागले. साधारण एक मीटर पुढे जावे, थांबावे, चित्रे घ्यावीत, दहा-पंधरा मिनिटे गणित करावे आणि पुन्हा एक मीटर जावे, अशी तिची चाल होती. तीच गाडी उघड्यावर चालविली असता, ती गणित करीत असताना सूर्य पुढे सरकत असे आणि सावल्या आपली जागा बदलीत. गाडीच्या मनातले जग आणि बाहेरचे जग यांत अंतर पडे. यातील अडथळा गणकयंत्राच्या मंदगतीपुरता नव्हता. जगाची प्रतिकृती मनात बाळगायची म्हटली की ती सतत ताजी ठेवण्याचे ओझेही आलेच.

४. ग्रे वॉल्टरची कासवे

या प्रश्नाचे दुसरे उत्तर त्याहीपूर्वी तीस वर्षे सापडलेले होते. ब्रिस्टल येथील बर्डन मज्जासंस्था संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ विल्यम ग्रे वॉल्टर याने १९४८-४९ मध्ये 'एल्मर' व 'एल्सी' ही दोन यंत्रे बांधली. कवचामुळे ती 'कासवे' म्हणून प्रसिद्ध झाली आणि १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या महोत्सवात तशी कासवे लोकांना पाहावयास मिळाली. प्रत्येकात एक प्रकाश-संवेदक, कवच कशास धडकल्यास जुळणारा एक स्पर्श-संवेदक, दोन मोटारी आणि रेडिओतल्यासारख्या दोन निर्वात नळ्या होत्या. मेंदू म्हणावयाचा तर एवढाच.

त्यांचे वर्तन चार नियमांत सांगता येते. प्रकाश दिसत नसेल तर पुढचे चाक गोल फिरवीत भटकावे. मध्यम प्रकाश दिसला तर त्या दिशेने जावे. प्रकाश फार तीव्र झाला तर वळावे. कवच धडकले तर प्रकाशाची दखल घेणे थांबवून आलटून पालटून ढकलावे व वळावे. या चार नियमांतून अडथळ्यांभोवती वाट काढणारे, दोन दिव्यांपैकी एकापाशी जाऊन मग दुसऱ्याकडे वळणारे आणि तरीही तंतोतंत तेच पुन्हा न करणारे वर्तन उत्पन्न झाले.

विजेरी भरून घेण्याची योजना तर विशेष मननीय आहे. कासवाच्या घरट्यात तीव्र दिवा लावलेला असे. विजेरी भरलेली असताना हा दिवा कासवाला दूर लोटी. विजेरी उतरू लागली की प्रवर्धकाची संवेदनक्षमताही उतरे. मग तोच तीव्र दिवा कासवाच्या लेखी मध्यम ठरे आणि ते घरट्यात शिरे. 'भूक लागली म्हणून घरी परतले' असे पाहणारा म्हणेल. वस्तुतः कासवात भूक मोजणारा कोणताही भाग नव्हता आणि 'घरी जा' असा आदेशही नव्हता. एका दोषालाच, म्हणजे उतरत्या विजेरीबरोबर येणाऱ्या मंदपणालाच, रचनाकाराने कामाला लावले होते.

५. दोन तारा आणि चार स्वभाव

जर्मनीतील ट्यूबिंगन येथील मेंदूशास्त्रज्ञ व्हॅलेंटिनो ब्राइटेनबेर्ग याने १९८४ साली 'व्हेइकल्स' हे छोटे पुस्तक लिहून हा विचार आणखी स्वच्छ केला. त्यातील वाहने कागदावरचीच आहेत. पुढे दोन प्रकाश-संवेदक, मागे दोन चाके, प्रत्येक चाकास स्वतंत्र मोटार. प्रश्न इतकाच की, कोणत्या संवेदकाची तार कोणत्या मोटारीला जोडावी.

डाव्या संवेदकाची तार डाव्या मोटारीस व उजव्याची उजवीस जोडली, आणि प्रकाश वाढला की मोटार वेग घेईल असे केले, तर डावीकडे दिवा असता डावे चाक वेगाने फिरते व वाहन उजवीकडे, म्हणजे दिव्यापासून दूर, वळते. तारा उलटसुलट ओलांडून जोडल्या, तर तेच वाहन दिव्याच्या दिशेने वळते आणि जवळ जाताना वेग वाढवीत त्यावर धडकते. आता प्रकाशाने मोटार मंदावेल अशी जोडणी केली, तर सरळ तारांचे वाहन दिव्याकडे वळते, हळू होते आणि त्याच्याकडे तोंड करून थांबते. ओलांडलेल्या तारांचे वाहन दिव्याजवळ रेंगाळते, परंतु त्यास पाठ दाखवून अखेर दुसऱ्या दिव्याच्या शोधात निघते. ब्राइटेनबेर्गने या चौघांना अनुक्रमे भीती, आक्रमकता, प्रेम आणि जिज्ञासा अशी नावे दिली. नावे देताना तो थट्टा करीत होता, आणि वाचकाला सावधही करीत होता. आतून बाहेर जाणे, म्हणजे यंत्र बांधून त्याचे वर्तन पाहणे, सोपे असते. बाहेरून आत जाणे, म्हणजे वर्तन पाहून यंत्र ओळखणे, फार कठीण असते. पाहणारा नेहमी आत असेल त्याहून अधिक गुंतागुंत कल्पितो.

असाच विचार हर्बर्ट सायमनने १९६९ मध्ये मुंगीच्या उदाहरणाने मांडला होता. देवरीच्या परिसरास साजेसे रूप त्यास देता येईल. कापणीनंतरच्या बांधीतून जाणाऱ्या मुंगीचा मार्ग कागदावर काढला, तर तो विलक्षण वाकडातिकडा दिसेल. पण ती वाकडी वळणे धसकटांची, ढेकळांची आणि धुऱ्याच्या उतारांची आहेत. मार्गाची गुंतागुंत मुंगीत शोधणारा अभ्यासक बांधीचे वर्णन मुंगीच्या नावावर लिहीत असतो.

६. दोन नियम, एक चाक

आतापर्यंतच्या उदाहरणांत बहुधा एका वेळी एकच नियम चालू होता. खरी अडचण येथून पुढे आहे. वाहनास 'प्रकाशाकडे जा' आणि 'अडथळा टाळ' असे दोन नियम दिले, आणि दिवा नेमका अडथळ्याच्या पलीकडे असला, तर काय व्हावे? नियम कितीही असोत, चाके दोनच आहेत आणि एका क्षणी त्यांना एकच गती असू शकते.

प्राण्यांच्या बाबतीत हा प्रश्न चार्ल्स शेरिंग्टन याने १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. अनेक प्रतिक्षिप्त क्रिया अखेर त्याच स्नायूंकडे जाणाऱ्या त्याच मज्जातंतूंवर येऊन मिळतात; हा सामाईक शेवटचा मार्ग एका वेळी एकीच्याच ताब्यात असतो. कुत्र्याचा मागचा पाय अंग खाजवीत असताना त्याच पायाला इजा झाली, तर खाजविणे थांबते आणि पाय आखडून घेतला जातो. इजेची क्रिया इतरांना मागे सारते. स्वयंचर यंत्राची चाके हा त्याचा सामाईक शेवटचा मार्ग होय.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रॉडनी ब्रूक्स याने १९८६ मध्ये सुचविलेली थरांची रचना हे या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर होय. त्याच्या यंत्रात तळचा थर फक्त अडथळे टाळतो. हा थर एकटाच पूर्ण असतो. वर काहीही नसले तरी यंत्र धडकत नाही. त्यावरचा थर यंत्राला भटकवितो. त्यावरचा, दूर दिसलेल्या ठिकाणाकडे नेतो. वरचा थर खालच्याचे संदेश दाबून त्या जागी आपले संदेश घालू शकतो; परंतु खालच्या थराला वरच्याचे अस्तित्वही माहीत नसते. वरचा थर बिघडला तर खालचे काम पूर्ववत सुरू राहते. याच तत्त्वावर १९८९ च्या सुमारास 'चंगीझ' हे सहा पायांचे यंत्र चालले. सत्तावन्न लहान लहान यंत्रणांच्या जाळ्यातून त्याची चाल निर्माण होत असे. 'चाल' नावाचा मध्यवर्ती कार्यक्रम कोठेच नव्हता.

व्याकरणाच्या अभ्यासकास येथे ओळखीची वाट दिसू लागेल. मराठीत आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते : घोडा, घोडे, आंबा, आंबे. हा सामान्य नियम, अर्थात उत्सर्ग. पण काका, मामा, दादा ही नातेवाचक नामे तशीच राहतात. हा अपवाद. 'काका' या शब्दापाशी दोन्ही नियम उभे असतात. अपवाद उत्सर्गाला दाबतो, आणि जेथे अपवादाचा अधिकार संपतो तेथे उत्सर्ग निर्वेधपणे चालतो. उत्सर्गाला आपल्या अपवादांची यादी बाळगावी लागत नाही. ब्रूक्सच्या खालच्या थराचीही स्थिती नेमकी अशीच आहे.

पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात, दुसऱ्या सूत्रात, समबल नियमांच्या संघर्षाविषयी निर्णय दिला आहे. परंपरेने त्याचा अर्थ ग्रंथक्रमात नंतर येणारा नियम चालावा, असा घेतला. परंतु एवढ्याने सर्व रूपे सिद्ध होत नाहीत, म्हणून टीकाकारांनी बलाबलाची शिडी रचली : पर, नित्य, अंतरंग आणि अपवाद हे उत्तरोत्तर बलवान मानले. काशीत अठराव्या शतकात लेखन करणाऱ्या नागेशभट्ट काळे यांच्या परिभाषेन्दुशेखरात या शिडीची मार्मिक चर्चा आहे, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फ्रान्ट्स कीलहॉर्न याने त्या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले. केंब्रिज विद्यापीठातील ऋषी राजपोपट यांच्या २०२२ साली गाजलेल्या प्रबंधाने याच सूत्राचा अर्थ नव्याने मांडला आणि त्यावर विद्वानांत वाद झाला. अग्रक्रमाचा प्रश्न अडीच हजार वर्षांनंतरही जिवंत आहे, याचे याहून बोलके प्रमाण कोणते?

साम्य दाखवून थांबणे मात्र अशास्त्रीय ठरेल. दोन भेद स्पष्ट आहेत. व्याकरणात अपवाद बलवान ठरतो तो त्याचे क्षेत्र लहान असल्यामुळे. ही गोष्ट नियमांच्या मजकुरावरूनच कळते. यंत्रातील अग्रक्रम नियमांच्या मजकुरात नसतो. तो रचनाकार तारांत घालतो, आणि त्याची चूक तपासण्यास परिसराखेरीज दुसरा परीक्षक नाही. दुसरा भेद वेळेचा. शब्दसिद्धी होत असताना शब्द थांबून राहतो. भिंत थांबून राहत असली, तरी यंत्र तिच्याकडे जातच असते.

७. रेषेवरून चालणारे यंत्र

महाराष्ट्रातील अभ्यासकास या तत्त्वांचा प्रत्यक्ष परिचय करून घेण्याची सोय पवई येथे झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संगणकशास्त्र विभागात प्रा. कवी आर्य यांच्या पुढाकाराने 'ई-यंत्र' हा उपक्रम उभा राहिला. केंद्र शासनाच्या शिक्षणविषयक योजनेतून त्यास साहाय्य मिळाले. अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभारणे आणि विद्यार्थ्यांची स्पर्धा घेणे हे त्याचे मुख्य कार्य. त्यात वापरले गेलेले 'फायर बर्ड पाच' हे लहान यंत्र या विषयाच्या अध्यापनास सोयीचे आहे. त्याच्या पोटाखाली पांढरी रेषा ओळखणारे तीन संवेदक, भोवती अवरक्त किरणांनी अंतर मोजणारे संवेदक, आणि चाके किती फिरली हे मोजणारी योजना असते.

जमिनीवरील पांढऱ्या रेषेवरून यंत्र चालविणे हा पहिला पाठ. मधल्या संवेदकास रेषा दिसली तर सरळ जावे. डाव्यास दिसली तर डावे चाक मंद करावे. उजव्यास दिसली तर उजवे. तीन नियमांत यंत्र वळणावळणाची वाट चालू लागते. वाटेचा नकाशा त्यात कोठेही नसतो. वाट जमिनीवर आहे, तेथेच ती वाचली जाते.

दुसरा पाठ चौकाचा. दोन रेषा एकमेकींना छेदतात तेथे तिन्ही संवेदकांना एकदम पांढरे दिसते. आता सरळ जावे, की वळावे? पहिल्या चौकात सरळ आणि दुसऱ्यात डावीकडे जावयाचे असेल, तर दोन्ही ठिकाणी संवेदकांचे मापन एकच, आणि अपेक्षित कृती मात्र दोन. येथे शुद्ध प्रतिक्षिप्त क्रिया हात टेकते. भाषेतील अनेकार्थतेशी याची तुलना करावी. 'कर भरला', 'कर जोडले' आणि 'काम कर' या तिन्ही ठिकाणी 'कर' या ध्वनीत काहीच फरक नाही. अर्थ ठरतो तो मागच्यापुढच्या शब्दांवरून. यंत्रालाही असा संदर्भ लागतो, आणि संदर्भ म्हणजे स्मृती. 'आतापर्यंत किती चौक ओलांडले' एवढी एक संख्या जवळ बाळगली की प्रश्न सुटतो. पण त्याच क्षणी यंत्र शुद्ध प्रतिक्षिप्त राहत नाही.

स्मृतीची गरज आणखी एका रीतीने दिसते. देवरीच्या एखाद्या कोरड्या, चौकोनी बांधीत पुढे दोन स्पर्श-संवेदक असलेले वाहन सोडल्याची कल्पना करावी. नियम दोन : डावा संवेदक धुऱ्याला लागला तर उजवीकडे वळ, उजवा लागला तर डावीकडे. लांबच्या लांब धुऱ्यावर हे नियम निर्दोष चालतात. वाहन कोपऱ्यात शिरले की मात्र डावीकडचा धुरा त्यास उजवीकडे लोटतो, उजवीकडचा डावीकडे, आणि विजेरी संपेपर्यंत ते तेथेच मान हलवीत राहते. प्रत्येक नियम बरोबर आहे. कोणताही भाग बिघडलेला नाही. आणि यंत्र मात्र फसलेले आहे. उपाय सोपा आहे : एकदा एका बाजूस वळू लागल्यावर काही क्षण दुसऱ्या संवेदकाकडे दुर्लक्ष करावे. परंतु 'काही क्षण' म्हणजे पुन्हा अल्पशी स्मृतीच.

८. मर्यादा आणि तडजोड

ब्रूक्सने १९९१ मध्ये जगाची प्रतिकृती न बाळगताही बुद्धिमान वर्तन शक्य आहे असा पक्ष आग्रहाने मांडला. त्याच वर्षी डेव्हिड कर्श या तत्त्वचिंतकाने, कीटकाच्या पातळीवर जे साधले ते मनुष्याच्या पातळीपर्यंत ताणता येईल काय, असा आक्षेप घेतला. आक्षेपाचे बळ कीटकसृष्टीतूनच वाढते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातील मुंगी भक्ष्य शोधत वाकडीतिकडी हिंडते आणि परतताना जवळजवळ सरळ रेषेत बिळाकडे येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात परतीच्या वेळी काही मुंग्यांचे पाय काड्या चिकटवून लांब केले, काहींचे आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या बीळ ओलांडून पुढे गेल्या, आखूड पायांच्या अलीकडेच थांबून शोधू लागल्या. त्या पावलांचा काही हिशेब ठेवीत असल्या पाहिजेत. ज्या मुंगीला साधेपणाचे उदाहरण म्हणून पुढे करावे, तिच्या डोक्यातही परिसराची एक तुटपुंजी नोंद असतेच.

व्यवहारात म्हणून तडजोड झाली. ब्रूक्स आणि त्याचे दोन सहकारी यांनी १९९० मध्ये स्थापलेल्या कंपनीने २००२ साली 'रूम्बा' हे केर काढणारे यंत्र बाजारात आणले. त्याच्या आरंभीच्या नमुन्यांत नकाशा नव्हता. गोल गोल फिरणे, भिंतीच्या कडेने जाणे, धडकल्यावर वळणे आणि जिन्याच्या काठावर थांबणे अशा वर्तनांवर त्याचा सारा भर होता. खोली साफ होई, परंतु एकच जागा अनेकदा झाडली जाई. त्याच कंपनीच्या २०१५ मधील एका नमुन्यात कॅमेऱ्याच्या साहाय्याने नकाशा करण्याची सोय आली. तरीही जिन्याच्या काठाची प्रतिक्षिप्त क्रिया कोणी काढून टाकली नाही. आजच्या बहुतेक स्वयंचर यंत्रांची रचना अशी दुपदरी असते : वर सावकाश विचार करणारी योजना, खाली क्षणार्धात कृती करणारी प्रतिक्षिप्त क्रिया. काही मोटारींत आपोआप ब्रेक लावणारी जी योजना असते, तीही चालकाच्या विचाराखाली घातलेला असाच एक थर होय.

९. उपसंहार

या विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो यंत्रशास्त्राइतकाच वर्णनशास्त्राचाही आहे. प्रतिक्षिप्त क्रियांनी चालणारे यंत्र यशस्वी होते तेव्हा त्या यशात परिसराचा वाटा असतो. ते फसते तेव्हा अनेकदा नियम शाबूत असतात आणि परिसर किंवा अग्रक्रम चुकलेला असतो. 'यंत्राला कळले नाही' हे वाक्य म्हणूनच घातक आहे. ते कानाला समाधान देते आणि प्रश्न मिटवून टाकते. कोणत्या संवेदकाचे कोणते मापन होते, कोणते दोन नियम एकाच वेळी लागू होत होते, त्यांतील कोणता वर ठेवला होता आणि तो वर ठेवण्याचा निर्णय कोणाचा, हे प्रश्न त्या वाक्याने विचारलेच जात नाहीत. महामार्गावर, शेतात, रुग्णालयांत अशी यंत्रे जसजशी येतील, तसतसे त्यांच्या अपघातांचे वृत्तान्त मराठीत लिहावे लागतील, त्यांवर पंचनामे होतील, निवाडे दिले जातील. त्या वृत्तान्तांत यंत्र 'घाबरले', 'गोंधळले', 'ठरविले' अशी क्रियापदे आली, तर ज्या मनुष्याने अग्रक्रम ठरविला तो वाक्यातून नाहीसा होतो आणि कर्त्याच्या जागी एक निर्दोष चाक येऊन बसते.

बोलताना ही क्रियापदे टाळावीत असा आग्रह धरणे व्यर्थ आहे. पतंगाविषयी जसे बोलले जाते तसे यंत्राविषयीही बोलले जाईल. मात्र अभ्यासकाने वर्तनाचे वर्णन आणि यंत्रणेचे वर्णन अशी दोन वर्णने स्वतंत्रपणे लिहिण्याची शिस्त पाळावी. पहिल्यात उद्देशाची क्रियापदे चालतील. दुसऱ्यात संवेदक, मोटार, नियम आणि त्यांचा अग्रक्रम यांखेरीज काहीही येऊ नये. दोन्ही वर्णने शेजारी ठेवल्यावर त्यांत जे अंतर दिसते, त्यापैकी किती परिसराने भरून काढले आणि किती पाहणाऱ्याने, हे शोधणे हा या विषयातील पुढील संशोधनाचा खरा आरंभबिंदू होय. भाषेत उद्देश कसा व्यक्त होतो, कर्ता वाक्यातून कसा लोपतो आणि नियमांचे बलाबल कसे ठरते, यांचा अभ्यास ज्यांनी आधीच केलेला आहे, त्यांच्या मदतीवाचून हे काम पुरे होणार नाही.